विज्ञानकथेतला कडक, शिस्तप्रिय यंत्रमानव अधिकारी स्वभावाने नेमका कसा असतो?

माझ्या मते याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९५४ सालच्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील' या कादंबरीतला आर. डॅनील ऑलिव्हॉ. न्याय म्हणजे काय, असे त्याचा सहकारी गुप्तहेर इलायजा बेली विचारतो, तेव्हा सर्व कायद्यांची अंमलबजावणी झाली की जे अस्तित्वात असते तो न्याय, असे तो शांतपणे सांगतो. अन्यायकारक कायदा ही कल्पनाच त्याला परस्परविरोधी वाटते.

पादत्राणांच्या दुकानात यंत्रमानव विक्रेत्यांवरून जमाव बिथरतो, तेव्हा डॅनील शस्त्र रोखून सर्वांना जागच्या जागी थिजवतो. मात्र माणसाला इजा करणे त्याच्या घडणीतच बसत नसल्याने तो गोळी झाडणे शक्यच नव्हते, हे आपल्याला नंतर कळते, आणि मला तरी हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या कठोरपणात राग किंवा सत्तेची हाव तसूभरही नाही, आहे ती केवळ सुव्यवस्थेची निष्ठा. पुढे बेली त्याला बायबलमधली व्यभिचारी स्त्रीला क्षमा केल्याची कथा सांगतो, ती त्याला सुरुवातीला उमगत नाही. शेवटी मात्र गुन्हेगाराला उद्देशून तो त्याच कथेतले क्षमेचे शब्द स्वतःहून, काहीसे अडखळत उच्चारतो.