खासगी बसवरच्या कंडक्टरला साथीच्या रोगापासून कसं जपायचं?

तुमचा भाऊ गोव्यात डिचोली-म्हापसा मार्गावर खासगी बसचा कंडक्टर. मालकाने सॅनिटायझरची बाटली आणि तोंडासमोर धरायची प्लॅस्टिकची ढाल दिली आहे, एवढं पुरे का, असा तुमचा प्रश्न. पुरे नाही. मी एका बसमालकाचा हिशेब लिहितो, म्हणून मालकाच्या खिशाचाही विचार करून सांगतो.

कोविड, फ्लू यांसारखा श्वासावाटे पसरणारा रोग असेल तर सगळ्यात आधी हवा बघा. ढालीच्या बाजूने आणि खालून हवा सरळ आत शिरते. हात धुवावेतच, पण गाडीच्या बंद हवेवर बाटलीचा काही उपाय नाही. (माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं होतं, इतका फवारणीचा सोस होता.)

न्यूयॉर्कने मार्च २०२० मध्ये प्रवाशांना मागच्या दाराने चढायला लावलं, लंडनने एप्रिलमध्ये मधल्या दाराने. तिथे भाडं ड्रायव्हरच्या शेजारी भरतात, म्हणून त्याला वाचवलं की बरंच काम झालं. आपल्याकडे ड्रायव्हर एका जागी बसतो आणि कंडक्टर गर्दीतून अंग चोरत पुढे-मागे करतो, वर ‘फुडें सर, फुडें सर’ (पुढे सरका) ओरडत असतो. मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त कण उडतात. म्हणजे तो आजारी असेल तर गाडीभर वाटतो आणि नसेल तर गाडीभराचं गोळा करतो.

म्हणून पैसे गाडीत चढण्याआधी घ्या. कदंबच्या (गोवा सरकारची बससेवा) पणजी-मडगाव शटलचं तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर मिळतं, हे गोव्यात कुणाला नवीन नाही. खासगी गाडीलाही निदान सुरुवातीच्या स्टँडवर दाराबाहेर उभं राहून पैसे घेता येतात. मधल्या थांब्यांवर जमणार नाही, ते सोडा. ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटवर माणसं बसवणं मात्र साथीत बंदच.

खिडक्या उन्हाळ्यात उघड्या असतातच. खरी अडचण जून ते सप्टेंबर. पाऊस एका बाजूने मारत असेल तर दुसऱ्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या खिडक्या चार बोटं तरी उघड्या ठेवा, छतावरची झडप असेल तर तीही. प्रवासी कुरकुरतील.

मास्क एन-९५ च हवा, नाकावर दाबून बसवलेला. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. भिजला की बदलायचा, त्यामुळे पावसाळ्यात खिशात दुसरा हवाच. लस उपलब्ध झाली की ती पहिल्या संधीला.

आता पैशांचं. ताप अंगावर काढून माणूस कामावर येतो, कारण घरी बसला तर त्या दिवसाचा रोज बुडतो. ईएसआय, म्हणजे आजारपणात पगाराचा काही भाग देणारा सरकारी कामगार विमा, साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदाही (नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली) पाच किंवा अधिक असतील तेव्हाच लागू व्हायचा. एका गाडीवर ड्रायव्हर, कंडक्टर, फार तर क्लीनर. मालकाची गाडी एकच असेल तर तो ईएसआयच्या बाहेर, जुन्या कायद्याच्याही बाहेरच होता. तेव्हा तापाच्या दिवसांचा निम्मा तरी रोज मिळेल, हे भावाने मालकाशी साथ नसतानाच ठरवून घ्यावं. एकट्या मालकाला झेपत नसेल तर त्या मार्गावरच्या चार-पाच मालकांनी रोजच्या गल्ल्यातून थोडे बाजूला काढावेत आणि बदली कंडक्टर सामाईक ठेवावा.

मालक आढेवेढे घेईल. त्याला एवढंच विचारा: ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच आठवड्यात आडवे झाले, तर गाडी दारात उभी असताना बँकेचा हप्ता कशातून भरणार?