आधी छाती, मग मोडलेला पाय

ताई, नमस्कार.

मुलगा इंटर्नशिपला आहे, कॅज्युअल्टीत रमलाय आणि आता एटीएलएसचा, म्हणजे गंभीर जखमींना ठरल्या क्रमाने तपासून वाचवण्याचा, कोर्स करायचा म्हणतोय. तुम्ही विचारलंय, दोन-तीन दिवसांच्या कोर्सने काय साधणार? आणि सगळं ठरल्या क्रमानेच करायचं, तर डॉक्टरची बुद्धी कुठे राहिली?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. अपघातातला रुग्ण आत येतो. पाय गुडघ्याखाली वेडावाकडा, हाड बाहेर. सगळ्यांच्या नजरा पायावर. पण जीव जाणार असतो छातीमुळे: फुप्फुसाला इजा होऊन हवा आत कोंडत चाललेली असते, हृदयाकडे रक्त परतणं अडतं. अशा वेळी जो आधी नाव विचारतो (उत्तर नीट आलं तर निदान त्या घडीला श्वासमार्ग मोकळा आहे), मग छाती तपासतो, 'या बाजूला श्वासाचा आवाजच नाही' हे ओळखतो आणि एक्स-रेसाठी न थांबता हवेला वाट करून देतो, तो त्याला वाचवतो. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती, मग कपडे काढून पूर्ण तपासणी. त्याच्याही आधी, रक्त भळाभळा वाहत असेल तर ते थांबवायचं. रुग्ण ढासळला की पुन्हा पहिल्यापासून. क्रम अंगवळणी पडलेला असला की बुद्धी 'आता काय करू' यात अडकत नाही; अवघड निर्णयासाठी मोकळी राहते.

ही शिस्त आली एका बापाच्या संतापातून. 1976 मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद आपलं छोटं विमान स्वतः चालवत होते. ते अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मिळालेल्या उपचारांपेक्षा आपण शेतात बरं सांभाळलं होतं, असं त्यांना वाटलं. 1978 मध्ये पहिला कोर्स झाला. 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला.

आता पहिला प्रश्न. कोर्समध्ये लेखी परीक्षा असते, शिवाय समोर 'रुग्ण' ठेवून प्रत्यक्ष परीक्षा. प्रमाणपत्र 4 वर्षं चालतं, मग उजळणी. पण ही स्पेशालिटी नव्हे. ट्रॉमात, म्हणजे जखमींच्या उपचारांत, आयुष्य काढायचं तर इमर्जन्सी मेडिसिन, सर्जरी, ऑर्थोपेडिक्स किंवा भूल यांपैकी कशात तरी पीजी लागेलच. कोर्स इंटर्नशिप संपताना करू दे. पण त्यानंतरची दोन वर्षं नुसती पीजीच्या पुस्तकांत गेली, तर हात विसरतात.

त्याला एकच विचारा: रात्री तीन वाजता, दारू प्यायलेला, शिव्या देणारा जखमी आला, तर त्यालाही याच क्रमाने तपासतोस का? 'तो नशेतच आहे' म्हणून डोक्याची दुखापत निसटते, ती अशाच रात्री.

धाकटी नर्सिंगला आहे, तिनेही हाच कोर्स करावा का, असं शेवटी लिहिलंय. एटीएलएस डॉक्टरांसाठी आहे. नर्सेससाठी त्याला जोडूनच एटीसीएन नावाचा वेगळा कोर्स असतो. तिने त्याची चौकशी करावी.