जळगावात घेतलेली लाल साडी घरच्या एलईडीखाली मळकट का दिसते?

साडीत खोट नाही, तुमच्या बल्बच्या उजेडात लाल रंगच कमी आहे. मी बल्ब दुरुस्त करतो. उघडला की आत हळदीच्या ठिपक्यांसारख्या पिवळ्या टिकल्या दिसतात. त्याखालची चिप निळा उजेड देते, साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा. वरची पूड म्हणजे सिरियम मिसळलेलं यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट. ती काही निळा गिळून पिवळा सोडते, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. गडद लाल त्यात जेमतेमच. चांगल्या बल्बात युरोपियमवाली लाल पूडही घालतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त बघून घ्या. नुसतं ‘वॉर्म व्हाइट’ (पिवळसर पांढरा) लिहिलंय म्हणून लाल खुलेलच असं नाही. आणि जळगावच्या फुले मार्केटात साडी घेताना दुकानाबाहेर, उन्हात धरून बघा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.