रिकॉल झालेली जुनी ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक घ्यावी का?

म्हणजे गाडी २०२० च्या सुरुवातीची, पुणे पासिंग, एकच मालक, ५८ हजार किलोमीटर, मागणी ११ लाख. विकणारा म्हणतो "रिकॉलचं काम झालंय" आणि घरचे म्हणतात पेट घेणारी गाडी दारात नको.

घरच्यांची भीती अगदीच हवेतली नाही. पण आधी "काम झालंय" म्हणजे नेमकं काय झालंय ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बॅटरी पेटण्याच्या धोक्यामुळे ऑक्टोबर २०२० मध्ये ह्युंदाईने जगभरातल्या सुमारे ७७ हजार कोना परत बोलावल्या (हाच तो रिकॉल), तेव्हा मुख्य उपाय होता बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, म्हणजे बीएमएसचं, सॉफ्टवेअर अपडेट. तपासणीत दोष दिसला तरच पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, बदलायचा. ते अपडेट घेतलेली एक गाडी जानेवारी २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू शहरात पेटली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला सुमारे ८२ हजार गाड्यांचे (त्यात ह्युंदाईचीच आयोनिक ही इलेक्ट्रिक गाडी आणि काही बसही होत्या) पॅक बदलायची घोषणा करावी लागली. कोरियाच्या वाहतूक मंत्रालयाने संभाव्य कारण दिलं ते असं: चीनमधल्या नानजिंगच्या कारखान्यात बनलेल्या काही सेलमध्ये ॲनोडची, म्हणजे ऋण टोकाची, टॅब (आतली छोटी पट्टी) दुमडली गेली होती, तिथे लिथियम साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. हा दोष सेलच्या आतला. सॉफ्टवेअर फार तर आधी ओरडेल, दुमडलेली टॅब सरळ करणार नाही. म्हणूनच पॅक बदलेपर्यंत तिथल्या मालकांना ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका असं सांगितलं होतं.

भारतात डिसेंबर २०२० मध्ये १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या ४५६ गाड्या बोलावल्या गेल्या, आणि जाहीर केलं होतं ते बॅटरीच्या तपासणीसाठी. तुमची गाडी याच काळातली. तेव्हा तिची नुसती तपासणी झाली, अपडेट झालं, की पॅक बदलला, हे चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढा. तोंडी नको. मालकाला सोबत न्या आणि जॉब कार्डची प्रत मागा. पॅक बदलला असेल तर नव्या पॅकचा नंबर आणि तारीख त्यावर असायला हवी. बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी तुमच्या नावावर येते का, हेही तिथेच लेखी विचारा. २०२० ची गाडी म्हणजे ती २०२८ पर्यंतच.

पॅक बदललेली कोना मी बिनदिक्कत घ्या म्हणेन. ज्या गाडीचं काही कधी निघालंच नाही तिच्यापेक्षाही ती बरी, कारण पॅक वयाने लहान आहे. कागद नसेल तर ११ काय, ८ लाखांतही नको.

कागद मिळाला की मग गाडी. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) आणि फोनवर कार स्कॅनरसारखं ॲप लागेल. त्यात एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, १०० टक्के दिसेल, त्यावर भाळू नका. या गाड्यांत वरची राखीव क्षमता झिजेपर्यंत आकडा १०० वरच बसून राहतो. त्यापेक्षा सेलचे व्होल्टेज बघा. ३९.२ किलोवॅट-अवरच्या (म्हणजे तेवढ्याच युनिटच्या) पॅकमध्ये ९० सेल-गट एकामागोमाग जोडलेले असतात. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटात ०.०२ ते ०.०४ व्होल्टचा फरक ठीक. हा फरक भरलेल्या बॅटरीवर एकदा आणि १५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा बघा, कारण दुबळा सेल खाली गेल्यावरच उघडा पडतो. तिथे एकच गट बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे असेल तर व्यवहार थांबवा.

खरी क्षमता काढायला लांब चक्कर लागते. रात्री १०० टक्के चार्ज, सकाळी ट्रिप मीटर शून्य, आणि पुणे-सातारा-पुणे. जाऊन येऊन केलं की खंबाटकीचा चढ-उतार फिटतो. समजा २२० किमी झाले, डॅशवर सरासरी ६.६ किमी प्रति युनिट आली आणि बॅटरी १०० वरून १० वर उतरली. २२० भागिले ६.६ म्हणजे ३३.३ युनिट, ते ९० टक्क्यांत गेले, म्हणजे पूर्ण पॅक साधारण ३७ युनिटचा. एवढ्या वापराला हे उत्तम. ३३ च्या खाली आलं तर वॉरंटीत दावा बसतो का ते आधी बघा. परतताना २० टक्क्यांवर असताना ५० किलोवॅटच्या फास्ट चार्जरला लावा. ४० किलोवॅटच्या आसपास ओढायला हवी. पावती ठेवा.

गिअरबॉक्स हे कोनाचं दुसरं दुखणं. काच खाली करून भिंतीच्या कडेने १५-२० च्या वेगाने, ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ सोडून चालवा. टिकटिक आवाज आला तर रिडक्शन गिअरचं, म्हणजे याच गिअरबॉक्सचं, तेल काढून बघायला सांगा. तेल लिटरभरच असतं, पण काळं आणि चकाकणाऱ्या भुकटीचं निघालं तर बेअरिंग किंवा गिअर झिजतोय.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. पॅकच्या पत्र्यावर खरचटणं चालेल, पोचा चालणार नाही. नारिंगी (हाय-व्होल्टेज) केबलच्या जोडांवर गाळ किंवा गंज दिसतोय का बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून वास घ्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, तशी एखादी गाडी धुऊन-पुसून बाजारात यायला वेळ लागत नाही. विम्याचा नो क्लेम बोनस विचारा. एकाच मालकाकडे एवढी वर्षं असलेल्या गाडीला ५० टक्के हवा. शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते कळायलाच हवं.

एक गैरसोय मात्र टळणार नाही. कोना २०२४ मध्ये भारतात बंद झाली, आणि आधीही रस्त्यावर कमीच होत्या. तिचा मुख्य हेडलॅम्प बंपरच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे रिक्षा घासली की आधी तोच जातो, आणि सुट्या भागासाठी ताटकळावं लागू शकतं. घरात ही एकच गाडी असणार असेल तर हे मनावर घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, बाकी गाडी नावावर करायचे नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या: "सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत पॅक बदलल्याचं न आढळल्यास पूर्ण रक्कम परत." मालक यावर सही करायला कां-कूं करू लागला तर सातारची चक्कर मारायची गरजच नाही.