मीटिंगमध्ये कोणी तोंडच उघडत नाही, नवीन आयडिया आणू कुठून?

प्रश्न : ताई नमस्कार, मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. हाताखाली वीसेक माणसं, त्यात कापसातला कचरा वेचणाऱ्या बायाच जास्त. मालकांचा मुलगा शिकून आला तेव्हापासून दर शनिवारी मीटिंग असते, प्रत्येकानं एक नवीन आयडिया सांगायची. सगळे मान खाली घालून बसतात अन् बोलणी मले खावी लागतात. माझं शिक्षण बारावी. हे क्रिएटिव्हिटी वगैरे शिकून येते का, की उपजतच असावं लागते?

उत्तर : शिकून येते भाऊ, आणि त्याला बारावीचीही अट नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या धानात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी ते दाणे बाजूला ठेवले, वेगळे पेरले, वर्षामागून वर्ष निवडत गेले आणि त्यातून एचएमटी धान आलं, जे आज आपण सगळे खातो. अशी वेगळी लोंबी दुसऱ्या कोणाच्या बांधीत नसेल का, असेलच की, पण थांबून पाहिलं कोणी?

तुमच्याकडे पाहणारी माणसं आहेत, ती बोलत नाहीत एवढंच, आणि का बोलत नाहीत ते मला चांगलं ठाऊक आहे. मी आधी एका डाळ मिलमध्ये माणसं सांभाळायची. तिथं तूर वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या बुडाशी तूर सांडायची, एक मावशी रोज ती झाडून गोळा करायची. एक दिवस त्यांनी फाटक्या बारदान्याची झोळी करून खाली बांधली, तूर सरळ झोळीत. मी घाईत होते, मालक यायचे होते, म्हटलं हे काय लोंबतं ठेवलंय, काढा आधी. त्यांनी काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून परत झाडू. त्यानंतर दोन वर्षं त्या तिथं होत्या, पण एक सूचना केली नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून शनिवारची वाट पाहू नका, सोमवारी बाया वेचायला बसतात तिथंच जाऊन बसा आणि आयडिया हा शब्दच काढू नका, विचारा की काय रोज रोज अडतं, कोणत्या गाडीच्या कापसात प्लास्टिकची सुतळी, गुटख्याच्या पुड्या जास्त निघतात. हे त्यांच्या बोटांना तुमच्या आधी कळतं. खताच्या पोत्यात कापूस भरला की पोत्याचे धागे त्यात येतात आणि पुढं सूतगिरणीत त्रास होतो हे आपण जाणतोच, पण ते कमी कसं करायचं याचं उत्तर त्यांच्यातलीच कोणी देईल. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात वहीत लिहा, नावासकट. जमणार नाही असं वाटलं तरी त्या दिवशी तसं म्हणू नका. मग त्यातली एकच गोष्ट, बिनखर्चाची, आठ दिवस करून पाहा. रेच्यांपाशी, म्हणजे सरकी काढायच्या मशीनपाशी, काही बदलायचं असेल तर मात्र मशीन बंद करून आणि फिटरला सोबत घेऊनच, तिथं प्रयोग नको.

मालकांच्या मुलाला हेही सांगा की येल युनिव्हर्सिटीत 1958 साली हेच तपासून पाहिलं होतं, घोळक्यात बसून विचार करणाऱ्यांपेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्यानं विचार केला तेव्हा कल्पना जास्त निघाल्या. म्हणजे मीटिंग बंद नका करू, पण आधी ज्याचं त्याला एकट्यानं सुचू द्या, शनिवारी फक्त वही उघडा. आणि एखादी गोष्ट जमली तर मालकांना सांगताना त्या बाईचं नाव घ्या, ती समोर असताना घ्या.