मुरमाड, उताराच्या माळावर पाणी थांबवायला सलग समपातळी चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब चर) खणावेत का? किती आकाराचे?

हो, खणावेत. फक्त काळ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत नकोत. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर पुरेसा होतो. एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. दोन ओळींत ५ मीटर अंतर असेल, तर ३६ मिमी वाहतं पाणी जागीच अडतं. उतार जास्त असेल तर ओळी जवळ घ्या.

खरी मेख आखणीत आहे. डोळ्यांच्या अंदाजाने रेघ मारू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणि खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या घ्या, दर ३-४ मीटरवर पातळी बघून फक्की टाका. रेघ वाकडीतिकडी गेली तरी चालेल, पातळी मात्र सुटता कामा नये. एखादी जागा १० सेंमी खाली राहिली की सगळं पाणी तिथे धावतं, चराखालचा मातीचा भराव फुटतो आणि खाली नवी घळ पडते. म्हणून दर ८-१० मीटरवर चरात न खोदलेला, जमिनीपेक्षा थोडा बुटका अडसर ठेवा.

काम माथ्यापासून सुरू करा. माती खालच्या बाजूला, चराच्या काठापासून २०-३० सेंमी सोडून टाका, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. भरावावर पावसाच्या तोंडावर स्टायलो (शेंगवर्गीय चारा), पवना गवत, सीताफळ, कडुनिंबाचं बी पेरा. निदान दोन-तीन वर्षं चराई बंद हवीच. पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावानेही चरांच्या जोडीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली होती. शेळ्या मोकळ्या राहिल्या तर बी उगवूनही हाती काही लागत नाही. दर उन्हाळ्यात गाळ काढा.