अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्यात) रीड शेपर्ड तिसरा आला आणि पहिल्या सीझनला सरासरी जेमतेम ४ गुण. दुसरा सीझन (२०२५-२६) सुरू व्हायच्या आत ह्यूस्टन रॉकेट्सनं त्याला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन, मोकळं का व्हायला नको होतं?

नकोच होतं. तुमचा आकडा बरोबर आहे, ४.४ गुण. पण शेजारचा रकानाही बघा: सामन्यामागे १२.६ मिनिटं. चार-पाच मिनिटं मैदानात, एक थ्री (लांबून घेतलेला तीन गुणांचा शॉट) हुकला की परत बेंचवर. एवढ्यात कुठल्या शूटरचा हात बसणार?

मुळात तिसऱ्या नंबरचा पोरगा सहसा तळाच्या संघात जातो. तिथे हरायची सवयच असते, त्यामुळे तीस-तीस मिनिटं चुका करायची मुभा मिळते. शेपर्डच्या नशिबी ते नव्हतं. तो पिक, म्हणजे निवडीचा हक्क, मुळात ब्रुकलिनचा, जेम्स हार्डनच्या जुन्या सौद्यातून ह्यूस्टनला मिळालेला. ह्यूस्टन स्वतः ड्राफ्टआधीच्या सीझनला ४१ सामने जिंकून बसलं होतं आणि शेपर्ड आल्यावर तर ५२ जिंकून वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिम गटात) दुसरं आलं. पुढे व्हॅनव्लीट, जेलन ग्रीन, आमेन थॉम्प्सन अशी रांग, आणि वर इमे उडोकासारखा डिफेन्सवर तडजोड न करणारा कोच.

डिफेन्सचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. समोरचे काय करायचे, तर शेपर्ड ज्याला गार्ड करतोय त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे बॉलवाल्याच्या बचावपटूची वाट अडवायला, बोलवायचे. स्विच झाला, म्हणजे बचावपटूंनी माणसं बदलली आणि बॉलवाला शेपर्डच्या वाट्याला आला, की अंगानं भरलेला तो गार्ड खांदा लावून त्याला रिंगखाली ढकलत न्यायचा. सकाळी साडेसहाला चहा घेता घेता हे बघून माझीही चिडचिड झालीय. पण पोरगा विशीतला, उंची सहा फूट दोन. ताकद यायला एक-दोन उन्हाळे जातातच.

उलट जिथे मोकळीक मिळाली तिथे बघा. जी लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या, खेळाडू घडवायच्या लीगमध्ये) एका सामन्यात ४९ गुण. मार्च २०२५ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीच्या पाचांत स्टार्ट मिळाला, २५ गुण. केंटकी विद्यापीठाकडून खेळताना थ्रीचा टक्का ५२ होता, तो हात कुठे हरवत नाही.

उतावळेपणाची किंमत बॉस्टनला विचारा. १९९७ चा तिसरा नंबर चॉन्सी बिलअप्स त्यांनी ५१ सामन्यांत टोरांटोला देऊन टाकला. २००४ ला तो डेट्रॉइटकडून फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला.

अर्थात प्रत्येक संथ रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) पुढे फुलतोच असं नाही. २०१३ चा पहिला नंबर अँथनी बेनेट ४.२ गुणांवर राहिला आणि नंतरही वर आला नाही. त्याच ड्राफ्टमधला पंधरावा यानिस अँटेटोकुंपो पहिल्या वर्षी ६.८ वर होता. २०२१ च्या फायनल्समधल्या शेवटच्या सामन्यात त्यानं ५० ठोकले. पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून दोघांत एवढं अंतर पडेल असं कोणी म्हटलं असतं का? म्हणून मी गुण सोडून बाकीचं बघतो. थ्री हुकल्यावर पुढचा मोकळा शॉट घेतो की पास करून सुटका करून घेतो? शेपर्ड घेतो.

२०२५ मध्ये, दुसऱ्या सीझनच्या आधी, ग्रीन केविन ड्युरँटच्या सौद्यात फीनिक्सला गेला, व्हॅनव्लीटचं एसीएल (गुडघ्याचा अस्थिबंध) फाटलं. मिनिटं आपसूक मिळणार होती. करारही रूकीचा आहे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात, खिशाला फार झळ नाही. तो सीझन अर्ध्यावर येऊ द्यायला हवा होता. तेव्हाही थ्री ३४ टक्क्यांच्या खालीच रेंगाळत असता आणि तो स्क्रीनवर तसाच सापडत असता, तर ट्रेडची चर्चा करायला मीही आलो असतो.